सगळ्यांच्या मापाचा माणूस

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आई मुलाला बघून आली आणि म्हणाली, "मुलगा सरासरी आहे." मी म्हटलं, म्हणजे कसा? तर म्हणे, "उंच नाही, बुटका नाही. काळा नाही, गोरा नाही. बोलका नाही, मुका नाही. संसाराला असाच बरा." मी म्हटलं, अगं, नवरा आणतेयस की पोस्टाचं पाकीट? बरं, दिसायला कसा ते तरी सांग. आई विचारात पडली. चांगली तासभर समोर बसून, चहा पिऊन आली होती बाई, आणि तिला चेहरा आठवेना. "आपल्यातलाच वाटतो गं," एवढंच म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

लग्नानंतर कळलं की आईचं काही चुकलं नव्हतं. शाळेत यांना सरासरी गुण, ऑफिसात सरासरी शेरा, आणि शेजारणींनी "कसा आहे गं नवरा?" विचारलं की माझ्याही तोंडून निघायचं, "बरा आहे." अध्यात ना मध्यात, नाकासमोर चालणारा माणूस. भांडायला मी एकटीच. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात; आमच्या घरात मी वाजवून दाखवली. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी बोलले नाही म्हणून तेही बोलले नाहीत.

आम्ही दोघंही तयार कपड्यांच्या एकाच कारखान्यात होतो. मी काजं करायच्या मशीनवर, हे पॅकिंगला. एका वर्षी कंपनीने खूळ काढलं: आपला मीडियम साइजचा शर्ट खऱ्या माणसांच्या मापावर बेतायचा. मग टेप घेऊन पोरं-पोरी गावभर फिरल्या. दुकानात, बस थांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, दिसेल त्याचा गळा, छाती, कंबर, बाही मोजत सुटल्या. हजारो मापं जमली. त्यांची सरासरी काढून कागद कटिंग मास्टरांच्या टेबलावर आला. मास्टरांचं उभं आयुष्य कात्रीत गेलेलं. त्यांनी कागद वाचला आणि मला म्हणाले, "वहिनी, ही मापं कोणाचीच नाहीत बघा. ज्याची छाती सरासरी त्याचा हात लांब. हात बसला तर पोट पुढे. एक हात तव्यावर, एक हात बर्फावर, आणि सरासरी विचाराल तर माणूस सुखात! असा सगळीकडून सरासरी माणूस आईच्या पोटी येत नाही."

म्हणून कंपनीने त्या मापाचा पुतळा मागवला. तो यायच्या आधीच पहिला शर्ट शिवून तयार झाला. हे कुठलातरी खोका उचलायला आत गेले होते, तर कोणीतरी चेष्टेने तो शर्ट यांच्या अंगात घातला. मी दारातच होते. आधी हशा पिकला, मग सगळे जवळ येऊन निरखायला लागले. खांद्यावर एक सुरकुती नाही, बगलेत ओढ नाही, बाही बरोब्बर मनगटाच्या हाडावर. मास्टरांनी टेप काढली. गळा मोजला, खांदा मोजला, छाती, पोट, दंड. मग सगळं पुन्हा मोजलं. मग खुर्चीत बसले आणि प्यायला पाणी मागितलं.

पुतळ्याची ऑर्डर रद्द झाली. त्या दिवसापासून हे मापाच्या खोलीत, तीन बाजूंनी आरसे लावलेल्या कोपऱ्यात, एका स्टुलावर उभे. अंगात नमुन्याचा शर्ट चढायचा, मास्टर टाचण्या लावायचे, शर्ट उतरायचा, दुसरा चढायचा. कारखान्यात यांना सरासरीराव म्हणायला लागले. मला तर मेलीला अभिमानच वाटला. माझ्या नवऱ्याच्या अंगावर बसल्याशिवाय एक शर्ट बाहेर जात नव्हता, कमी गोष्ट आहे का?

शर्ट बाहेर गेले आणि मग सुरू झालं सगळं.

पहिल्यांदा माझीच फसगत व्हायची. बाजारात पुढे हे चाललेत असं वाटायचं. तीच पाठ, तेच खांदे. मी हाक मारायची, "अहो, थांबा की जरा!" आणि वळायचा भलताच कोणी. एकदा तर तीन जण वळले. मी ओशाळून कोथिंबिरीच्या जुड्या बघत बसले. हे सगळं हसून सांगण्यासारखं होतं, आणि मी मशीनवर सगळ्यांना हसून सांगितलंही.

पण हळूहळू उलटं व्हायला लागलं. लोक यांनाच थांबवायला लागले. "अरे, कधी आलास?" म्हणून कोणी पाठीवर थाप मारायचा. कोणी बाई रस्ता ओलांडून यायची आणि विचारायची, "पाय बरा आहे ना आता?" आणि आमचा हा देवमाणूस म्हणायचा, "बरा आहे." एकदा भर चौकात एक टकला गृहस्थ यांच्या अंगावर धावून आला. घराच्या वाटणीवरून काय काय बोलला. हे खाली मान घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं, दादा." तो टकला यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. मी पिशवी धरून बाजूला उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याला वाईट वाटलं असतं गं."

"आणि खरा भाऊ भेटला उद्या, म्हणजे?"

"आता कुठला भेटतो," ते म्हणाले. नंतर त्या टकल्याच्या गल्लीत चौकशी केली तर कळलं की भाऊ वारला होता. हे यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर एक म्हातारी राहायची. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो परत आलाच नव्हता. तिने एकदा खिडकीतून यांना हाक मारली आणि हे वर गेले. मग रोज कारखान्यातून सुटले की तिच्याकडे. मी घरी ताट वाढून बसायची आणि हे जेवून यायचे. एके संध्याकाळी मी पदर खोचला आणि तडक तो जिना चढले. म्हटलं, आज या प्रकरणाचा सोक्षमोक्षच लावते.

दार उघडंच होतं. हे खाटेवर बसले होते, पाय वर घेऊन. आमच्या घरी कधी पाय वर घेऊन बसत नाहीत. म्हातारी भाजी निवडत होती आणि कुरकुरत होती की भिंतीतलं कपाट उघडत नाही, केव्हापासून अडकून बसलंय, आता सुतार बोलवावा लागणार.

"खालून लाथ मार, आई. उजव्या कोपऱ्यात," हे म्हणाले. "मी नेहमी तसंच उघडायचो."

म्हातारी उठली, भिंतीला हात धरून तिने लाथ मारली, आणि कपाट उघडलं. आत मुलाचे कपडे घडी करून ठेवलेले होते. म्हातारी मागे वळून म्हणाली, "बघ, विसरलेच होते मी," आणि परत भाजी निवडायला बसली. मला दारात बघूनही तिला काही वाटलं नाही. "ये सूनबाई," म्हणाली.

घरी येताना मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो ते?"

"कळलं नाही. तोंडात आलं."

"घाबरवू नका मला."

"बरं," ते म्हणाले.

मी मनाशी पक्कं केलं: या माणसाला सरासरीतून बाहेर काढायचं. माप बिघडवलं की सुंठीवाचून खोकला जाईल. शर्ट बसेनासा झाला की स्टूल सुटेल, स्टूल सुटलं की लोकांची हाक सुटेल. मग काय, खाऊ घातलं मी! साय, साखर, तळलेलं, तुपातलं. दुपारच्या डब्याचे दोन डबे झाले. हे मुकाट्याने खायचे. नको म्हणाले असते तर मला बरंच वाटलं असतं, पण नाही. महिन्याभरात पोट सुटलं, गळ्याला वळी आली. मी मनातून खूश. रोज वाट बघायची की आज मास्टर यांना परत पॅकिंगला पाठवतील.

मास्टर आले ते माझ्या मशीनपाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी मापं पुन्हा घ्यायला लावली. गावातली गिऱ्हाइकं शर्ट घट्ट होतात म्हणून परत करायला लागलीत. सगळं गाव सुटलंय. नवी सरासरी काढली."

"मग?"

"मग काय. यांना उभं केलं. बरोब्बर बसतंय."

त्या दिवशी घरी जाताना मी माणसांकडे बघत गेले. बसचा कंडक्टर, दवाखान्यातला कंपाउंडर, चपला शिवणारा, सगळ्यांच्या गळ्याला तीच वळी. मी तूप घातलं होतं एकाच्या पानात. डबा पुन्हा एकच केला. त्याने गाव वाळलं की नाही, मी बघितलं नाही. डोळे मिटून घेतले.

मग मला दुसरंच भय खायला लागलं. लोकांचं जाऊ द्या. माझं काय? हा माणूस म्हातारीला मुलगा होतो, टकल्याला भाऊ होतो, कारण त्यांना तसा हवा असतो. मग माझा नवरा होतो तो कशामुळे? इतक्या वर्षांत मी जे म्हटलं त्याला हो. मी म्हटलं गार आहे, हो गार आहे. मी म्हटलं उकडतंय, खिडकी उघडली. एकदा तर मी हातच जोडले, "अहो, एकदा तरी मला नाही म्हणा!" तर म्हणाले, "बरं. नाही." हसू की रडू, कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला माझं असं काय आलं होतं? सगळ्या गावाला मिळतं तेच.

म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. कधी न घडलेलं काहीतरी विचारायचं. "कसलं काय, डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाले तर माझा नवरा. हो म्हणाले तर मी त्या खिडकीतल्या म्हातारीसारखीच एक.

सुट्टीची दुपार होती. हे खाली बसून बुटाला पॉलिश करत होते. मी शेजारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. आम्ही दोघं समुद्रावर कधी गेलो नाही. मी ठरवलं होतं की समुद्रावर छत्री उडाली होती असं म्हणायचं. मनात दहादा घोकलं होतं. आणि ऐन वेळी उचलली जीभ लावली टाळ्याला, तोंडून भलतंच निघालं.

"आठवतं का हो, आपण समुद्रावर गेलो होतो? छोकरी पाण्याला किती घाबरली होती."

यांचा हात थांबला. मी मनात म्हणत होते, म्हणा, कोण छोकरी. एवढं म्हणा. जन्मात पुन्हा काही मागणार नाही.

"नाही," ते म्हणाले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी हातातली घडी खाली ठेवली. मला हसू फुटणारच होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "ती कुठे घाबरली? ती तर पाण्यात ओढत होती. घाबरली होतीस तू. हात सोडत नव्हतीस तिचा. चिडली होती तुझ्यावर, परत येईपर्यंत बोलली नाही. मग गाडीत तुझ्याच मांडीवर झोपली."

त्यांनी ब्रश उचलला आणि बुटाची टाच घासायला लागले. बोलण्यातला आवाज ओळखीचा होता. म्हातारीच्या खाटेवर ऐकला होता तोच. मला कळत होतं की उठायला हवं, ओरडायला हवं, या माणसाला गदागदा हलवायला हवं. कपाट लाथेने उघडलं होतं. भाऊ खरंच वारला होता. या माणसाचं बोलणं आजवर खोटं निघालं नव्हतं. आणि आम्हाला मूल नव्हतं.

मला मांडीवर जडपणा जाणवत होता. मी हलले नाही. हलले तर काहीतरी जागं होईल असं वाटलं.

"फार चिडायची नाही का," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तुझ्यावर गेली होती."

मी रडत होते की काय, कोण जाणे. मी पुढे सरकले, अगदी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि हळूच विचारलं, "आपण तिचं नाव काय ठेवलं होतं?"

त्यांनी सांगितलं. ते नाव मी कोणाला सांगायची नाही.