वकीलसाहेबांचा नाकतोडा

वकीलसाहेब गाडीत बसण्याआधी चपला काढत. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीनं, भिंतीला लावून. मग सुटीचा पांढरा पायजमा सावरून त्या बुटक्या दारातून आत उतरत. उतरतच म्हणायचं, कारण ती गाडी जमिनीला इतकी लगटून होती की तिच्यात चढण्याचा प्रश्नच नव्हता. मी बुलढाण्यात नवी असताना एकदा त्यांना याचं कारण विचारलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, गाडी काय म्हून राह्यली, थे पायाले समजते. चपलेले काय समजते?"

गाडी विलायती होती. दोन माणसांपुरती, डोक्यावर छप्पर नसलेली, गर्द हिरव्या रंगाची. पुढं लांब निमुळतं नाक, नाकाच्या दोन्ही अंगांना वटारलेले गोल दिवे, आणि चाकांवरून वळत गेलेले पत्रे. गावानं तिला नाकतोडा म्हणायला सुरुवात केली आणि वकीलसाहेबांनी ते नाव आनंदानं मान्य केलं. कामठीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी देश सोडून जाताना ती विकून गेला होता. तेव्हा तरुण असलेल्या वकीलसाहेबांनी ती नागपूरहून थेट बुलढाण्यापर्यंत स्वतः चालवत आणली. त्या प्रवासाची हकीगत ते दर वेळी वेगळी सांगायचे. कधी मूर्तिजापूरच्या अलीकडं हरणांचा कळप गाडीसोबत पळायचा, कधी ज्वारीच्या शेतातून धुकं रस्त्यावर यायचं आणि गाडी होडीसारखी तरंगायची. ते खोटं बोलत होते असं मला कधी वाटलं नाही. तो रस्ता त्यांच्या मनातून संपलाच नव्हता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि वकीलसाहेबांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहू लागले. रविवारी सकाळी जाग यायची ती एका बारीक टिकटिकीनं. गाडीची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी पेट्रोल ओढणारा छोटा पंप टिकटिकायला लागे, आणि पोट भरल्यासारखा हळूहळू गप्प होई. मग कुठं इंजिनाचा घनगंभीर आवाज अंगणातल्या कडुनिंबाखाली पसरे. डोंगरावरच्या त्या थंड गावात, श्रावणातल्या ढगाळ सकाळी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकत पडून राहण्यासारखं सुख नव्हतं.

त्या गाडीला हवा नि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे दोन कार्ब्युरेटर होते, शेजारी शेजारी; वकीलसाहेब त्यांना थोरली नि धाकटी म्हणत. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. वकीलसाहेब रबरी नळीचं एक टोक कानात धरत आणि दुसरं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाशी नेत. डोळे मिटलेले, हातात छोटा पेचकस. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवणारा माणूस जसा दिसतो, तसेच ते तेव्हा दिसत. कोणी बोललं तर बोट वर करून थांबवत. "थांबा. धाकटीले धाप लागून राह्यली." पेच केसभर फिरे, पुन्हा कान, पुन्हा केसभर. आणि एका क्षणी दोन सुस्कारे एकमेकांत मिसळून जात. मग ते डोळे उघडून समोरच्याकडं असं पाहत, जणू हे त्या समोरच्यालाच जमलं.

सुटे भाग मिळत नसत. गाडीच्या अंगातली चौकट लाकडाची होती. तिला वाळवी लागली तेव्हा वकीलसाहेबांनी सुताराला घरी बसवून ती सागवानाची करून घेतली. कुठल्याशा विलायती झाडाचं मूळचं लाकूड गेलं, याचं मला वाईट वाटलं. ते हसले. "सासरी आली म्हंजे पोरगी इथलंच अन्न खाते ना? हाडं मग वऱ्हाडाचीच होतीन."

इतकी वेगवान गाडी, पण ते ती वेगानं चालवल्याचं मी पाहिलं नाही. कापसाच्या हंगामात रस्ताभर बैलगाड्या असत. समोरून बैलगाडी आली की वकीलसाहेब कडेला थांबून इंजिन बंद करत, बैल बुजू नयेत म्हणून. गाडीवान संकोचून "जाऊ द्या ना साहेब" म्हणे. "रस्ता पहिले बैलाचा," हे त्यांचं उत्तर. अशा प्रत्येक थांब्यावर त्यांना कोणीतरी भेटे, ख्यालीखुशाली होई, आणि धामणगाव बढ्याच्या त्यांच्या शेतावर पोचेपर्यंत उन्हं उतरलेली असत.

त्यांच्या पत्नी माई या गाडीत बसत नसत. लग्नाकार्याला वकीलसाहेब नाकतोड्यातून निघत आणि माई एस.टी.नं. बहुतेक वेळा माईच आधी पोचत आणि मांडवाच्या दारात नवऱ्याचं स्वागत करत. गावाला वाटे, उघड्या गाडीत पदर उडतो, लोक बघतात, म्हणून त्या बसत नाहीत. मलाही तसंच वाटे.

एका उन्हाळ्यात माईंनी मला मधेच सांगायला सुरुवात केली, "मास्तरीणबाई, आज शेतावर चालले साहेब. तुमीही जा, जरा हवा खाऊन या." दर रविवारी हे होऊ लागलं. मला वाटलं, एकटी पोर म्हणून त्या माझी काळजी करतायत.

अशाच एका रविवारी शेतावरून मोताळ्यामार्गे परतताना, राजूर गावाच्या अलीकडं, वकीलसाहेबांनी अचानक करकचून ब्रेक दाबला. गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर एक म्हातारा उभा होता, डोक्यावर गवताचा भारा. तो घाबरलाही नव्हता. रामराम करून तो आपल्या वाटेनं निघून गेला. वकीलसाहेब मात्र स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून तसेच बसले.

"हा कोठून आला?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून. बांधावरून येत होता. बराच वेळ दिसत होता."

"तुमाले दिसत होता."

त्यांनी किल्ली बंद केली. मग समोर पाहतच, शांतपणे सांगितलं की बाजूचं दिसणं वर्षभरापासून कमी होत चाललंय. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं, आणि उरलेलंही जाणार होतं. माईंना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. "मले वाटे, समोरचं दिसते तोवर चालवीन. पण आज थो मेला असता, मास्तरीणबाई."

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. त्या दिवशीचा उरलेला रस्तासुद्धा नाही. राजूरमध्ये त्यांचे एक ओळखीचे शेतकरी होते, विठ्ठलराव. त्यांनी बैलांच्या दोन जोड्या आणल्या, सोलाच्या जाड दोरानं गाडीला जुंपल्या, आणि संध्याकाळच्या उन्हात नाकतोडा राजूरचा घाट चढू लागला. वकीलसाहेब नुसतं चाक धरून बसले होते, मी शेजारी. इंजिन नसल्यानं सगळं ऐकू येत होतं: बैलांच्या गळ्यातल्या घंटा, विठ्ठलरावांचा चुचकारा, सीताफळीच्या झुडपांत उतरणारी पाखरं. वळणावळणाला खालचा सपाट मुलूख निळसर होत गेला. बैल थकले की आम्ही थांबत होतो. वरच्या वळणावर वकीलसाहेब एवढंच म्हणाले, "पंधरा वर्सं या घाटानं जाऊन राह्यलो. इतका मोठा हाय, ध्यानातच नोतं आलं."

अंगणात बैलांनी ओढत आणलेली गाडी पाहून माई पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी काही विचारलं नाही. विठ्ठलरावांना चहा दिला, बैलांना पाणी दाखवलं. त्यावरून मला कळलं की त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, आणि मला दर रविवारी सोबत का पाठवत होत्या तेही.

पुढचे महिने वाईट गेले. गाडीवर ताडपत्री पडली. वकीलसाहेब कोर्टात जात, परत येत आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहत. गाण्याची तबकडी लावली तरी उठून बंद करत. शेवटी त्यांनी इंदूरच्या एका शौकीन गृहस्थांना निरोप धाडला. ते गृहस्थ आले, ताडपत्री काढून गाडीभोवती फिरले, तोंडभर स्तुती करू लागले. तेवढ्यात माई चहा घेऊन बाहेर आल्या.

"गाडी विकाची नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले उगाच तरास झाला. चहा घ्या."

गृहस्थ गोंधळले. ते गेल्यावर वकीलसाहेब चिडून म्हणाले, "मंग काय पुजाची हाय का? कोण चालवीन?"

"मी. शिकवा मले."

"तू? तू तं बसतही नव्हतीस तिच्यात!"

"तुमी कधी 'बस' म्हटलं?"

मी दारातून हे ऐकत होते. सगळ्या वऱ्हाडात फिरलेल्या त्या माणसाला लग्नानंतर इतक्या वर्षांत ही गोष्ट सुचली नव्हती, आणि माईंनीही ती आजवर बोलून दाखवली नव्हती.

कापसाचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळं जिनिंग गिरणीचं आवार रिकामं होतं. तिथं शिकवणी सुरू झाली. नऊवारी नेसलेल्या, पन्नाशीकडं झुकलेल्या माई चाकामागं आणि वकीलसाहेब शेजारी, कान टवकारून. "क्लच हळू सोड. पीठ मळताना पाणी घालते तसं."

"तुमी कधी पीठ मळलं?"

गाडी आचके देऊन बंद पडे आणि दोघं हसत सुटत. कुंपणाबाहेर बघ्यांची रांग लागे. बाररूममधल्या एका ज्येष्ठ वकिलांनी वकीलसाहेबांना बाजूला घेऊन समजावलं की हे बरं दिसत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मले तसंही दिसत नाही. तुमाले दिसते तं तुमी डोये मिटा." ही गोष्ट दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत पोचली होती.

समोरचंही आता धूसर होऊ लागलं होतं, तरी गाडीची देखभाल त्यांनी सोडली नाही. व्हरांड्यात चादर अंथरून ते कार्ब्युरेटर खोलत आणि एकेक भाग माईंच्या पितळी ताटांत क्रमानं मांडत. बोटांनी धूळ शोधत, फुंकर घालत, पुन्हा जोडत.

फाल्गुनात आम्ही तिघं घाट उतरलो. सीटमागच्या चिंचोळ्या जागेत मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. माई सावकाश, ओठ घट्ट मिटून चालवत होत्या. पहिलं वळण सुखरूप गेल्यावर त्यांचे ओठ सुटले आणि त्या बोलायला लागल्या.

"पळस फुलला."

"कोठी?"

"डावीकडं, नाल्यात. तीन-चार झाडं हायत. एक वेगळंच हाय, पिवळं."

"पिवळा पळस? थांबव गाडी."

थांबलो. माई उतरून नाल्यात गेल्या, एक फांदी मोडून आणली आणि वकीलसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी फुलांवरून बोटं फिरवली. "पिवळाच हाय," ते म्हणाले, आणि माई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तिथून मोताळ्यापर्यंत दोघांचं बोलणं थांबलं नाही. कोणाच्या शेतात काय उभं आहे, कोणाच्या घराला रंग दिला, बाजारात मिरचीचे ढीग कुठवर गेलेत. वारा अर्धे शब्द उडवून नेत होता. मागं बसून मी ऐकत होते, आणि मला वाटत होतं की हा रस्ता मोताळ्याला संपू नये.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी बुलढाणा सोडलं. पुढं वकीलसाहेब गेले ते मला उशिरा, कुणाकडून तरी कळलं. माई आणखी काही वर्षं एकट्या धामणगावच्या शेतावर गाडी नेत असत, असंही ऐकलं. मी स्वतः पुन्हा तिकडं जाऊ शकले नाही. माझी आणि त्या दोघांची शेवटची भेट मलकापूरच्या स्टेशनावरची.

मला सोडायला ते दोघं नाकतोड्यातून आले होते. तोवर वकीलसाहेबांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. आगगाडी आली, हमालानं सामान चढवलं, मी डब्यात शिरून खिडकीशी बसले. माई फलाटावर पाण्याचा तांब्या भरून आणायला गेल्या होत्या. वकीलसाहेब एकटेच उभे होते, माझ्या खिडकीपासून जरा पुढं, शेजारच्या खिडकीकडं तोंड करून.

"मास्तरीणबाई," त्या खिडकीला ते म्हणाले, "आमच्या घरी तुमी राह्यल्या, बरं वाटलं. सासरी बोलत जा. मनात ठेवू नोका काही. आमी लई उशिरा बोललो."

आणि त्यांनी हात जोडले. त्या खिडकीत कोणीच नव्हतं. मी हाक मारली असती तर ते ओशाळून वळले असते. मी झटकन उठले, बाकांमधून वाट काढत पुढच्या खिडकीशी गेले आणि त्यांच्या जोडलेल्या हातांसमोर जाऊन बसले.

"हो वकीलसाहेब," मी म्हणाले. "बोलेन."

आवाज अगदी समोरून आला, तसे ते समाधानानं हसले. गाडी हलली तेव्हाही त्यांचे हात जोडलेलेच होते, बरोबर माझ्या दिशेनं.