दुसऱ्याच्या कार्डावरचा विणकर

आमच्या जुन्या कापडगिरणीत आता चकचकीत ऑफिसं आहेत. नव्या मालकांनी उपकार केल्यासारखी एक खोली कामगारांच्या आठवणींसाठी सोडली आणि ती लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई. हजेरीपटात नाव असेल तर माणूस आहे, नसेल तर नाही, हा माझा खाक्या.

उद्घाटन व्हायच्या आधीपासूनच रामदास ओव्हाळ, आपण इथले जुने कामगार असं सांगत, खराडीहून रोज बसनं यायचे आणि एकाच फोटोपुढे उभे राहायचे. मागावर वाकलेला तरुण, केसांत कापूस. खाली मीच छापलेलं, ‘हिंदुराव काळभोर, विणकर, १९७२’.

‘‘काका, हजेरीपटात तुमचं नाव नाही,’’ एकदा मी फटकन बोलले. ‘‘नक्की इथेच होता ना?’’

त्यांनी आधी खोलीत कोणी नाही ना, ते पाहिलं. मग सांगितलं. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत ओवताना भोकातून टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा, म्हणून विणकाम खात्यात बौद्धांना कोणी उभं करत नसे. त्यांच्या शाळेतल्या दोस्ताला, हिंदुरावला, तिथं बदली कामगाराचं कार्ड मिळालं. त्याला तो आवाज सोसेना. तिसऱ्या दिवशी कार्ड रामदासांच्या हातात ठेवून तो लोणी काळभोरला ऊस बघायला निघून गेला. पुढची चौदा वर्षं, गिरणी बंद पडेपर्यंत, रामदासांनी हिंदुरावच्या नावानं हजेरी दिली.

‘‘फोटो माझा आहे. खाली माझं नाव असावं, असं फार वाटतं हो,’’ ते म्हणाले. ‘‘पण हिंदुराव वारला. आमच्यातल्या माणसानं त्यांचं नाव लावून धोटा तोंडाला लावला, हे त्याच्या घरच्यांना कळलं तर? राहू द्या.’’

मला माझीच लाज वाटली. त्यात उद्घाटनाचं आमंत्रण काळभोरांकडे मी कधीच धाडून बसले होते.

उद्घाटनाच्या दिवशी हिंदुरावांच्या पत्नी मथुराबाई नातवाचा हात धरून आल्या. रामदास दाराशी घामाघूम.

‘‘आजी, बघ आजोबा!’’ नातू इंद्रजीत मोबाइल काढत म्हणाला.

मथुराबाईंनी चष्मा पुसला आणि फोटोला नाक लावलं. ‘‘ह्यो कुठला तुजा आजा? ह्यो रामदास हाय. तुजा आजा तीन दिसात पळून आला.’’ मग माझ्याकडे वळल्या. ‘‘अवं बाई, शिकल्यासवरल्या ना तुमी? नीट लिवा की.’’

मी तिथल्या तिथे पेन काढून काट मारली आणि वर ‘रामदास ओव्हाळ’ लिहिलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

‘‘वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?’’ रामदास दारातून पुढे आले.

‘‘साऱ्या घराला ठावं हुतं. तुमीच भ्याला, भावजी. आमचे मालक हर दिवाळीला वाट बघायचे तुमची.’’

रामदास मोठ्यानं हसले आणि हसता हसताच रडायला लागले.

‘‘येतो, वहिनी,’’ डोळे पुसत ते म्हणाले. ‘‘रविवारीच येतो.’’