मावशींचं पुणं

लग्न होऊन मी कुरुळीहून पिंपरीला, संत तुकाराम नगरात आले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मावशी सांगायला आल्या, ‘उद्या आमचा सण. मी मशिदीत जाणार, माझं दूध तेवढं घेऊन ठेव.’ अंगावर नऊवारी, बोलणं कोकणातलं, आणि मशीद! मी चक्रावलेच.

‘मावशी, तुमी मुसलमान हाय व्हय?’

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ‘अगं, आम्ही बेने इस्राएल. यहुदी. आमच्या जुन्या माणसांना प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायची सवय.’

माझे हे सेकंड शिफ्टला असले की माझी संध्याकाळ मावशींकडेच जायची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा कंपनीत. नारळाच्या दुधातली मच्छीची आमटी मी त्यांच्याकडेच शिकले. मी काही बिघडवलं की त्या म्हणत, ‘राहू दे, घाटावरची आहेस.’ आईजवळसुद्धा मी इतकी मोकळी नव्हते.

मग मुलाचं इस्राएलला जायचं ठरलं. निम्मे नातेवाईक आधीच गेले होते. मावशी काय करणार? त्यांनाही त्याच्याबरोबर जावंच लागणार होतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘येत्या रविवारी माझ्याबरोबर चल. तुला माझं पुणं दाखवते.’

बसने गेलो. आधी रास्ता पेठेत, त्या लग्न होऊन आल्या ती खोली. मग जवळच त्यांची छोटी मशीद. तिथे चौकटीला हात लावून त्यांनी बोटं ओठांना लावली, तसं मीही केलं. मग कॅम्पात, तांबड्या विटांचं मोठं प्रार्थनामंदिर. त्याला घड्याळाचा मनोरा, आणि पुणेकर त्याला म्हणणार लाल देऊळ. ‘तुमचं काय ते एकदा ठरवा,’ मी म्हणाले. चालता चालता त्या सांगत होत्या, कोकणच्या किनाऱ्याला फुटलेलं गलबत, पोहून वाचलेली माणसं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव. मला वाटलं, निघायच्या आधी त्यांना सगळं एकदा डोळे भरून बघायचंय.

शेवटी कबरस्तान. दगडांवर वर हिब्रू, खाली आपली मराठी. आडनावं सगळी कोकणातल्या गावांची. एका दगडापाशी मावशी थांबल्या, पदराने धूळ पुसली, सब्जाची डहाळी ठेवली. ‘हे तुझे काका.’ मग मला पुन्हा फाटकापाशी नेलं आणि म्हणाल्या, ‘आता तू पुढे हो. मला त्यांच्यापाशी घेऊन चल.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुणं मला दाखवत होत्या ते काकांसाठी. त्या गेल्यावर तिथे येणारं कुणी उरणार नव्हतं.

वाट मला कळली होती. तरी मी भलत्याच रांगेत शिरले. मावशी म्हणाल्या, ‘असू दे. पुढच्या रविवारी परत येऊ.’ पुढच्या रविवारी मी परत चुकले. वेड्यासारखं वाटत होतं की मला वाट येत नाही तोवर या निघणार नाहीत. इकडे त्यांच्या घरातली भांडी एकेक करून शेजारीपाजारी जात होती, आणि माझं आपलं चुकणं चालूच. मावशी कधी चिडल्या नाहीत.

मग एका रविवारी फाटकातून शिरताना त्या मागून विचारत होत्या, ‘तिकडे ओला नारळ मिळत असेल का गं?’

‘न मिळायला काय झालं?’

‘आणि कोकम?’

‘कोकम मी पाठवीन की. वाळवलेलं टिकतं.’

‘पाठवशील? पण पोचेल का?’

‘न पोचायला काय झालं?’ असं म्हणत मी मान वर केली, तर समोर काकांचा दगड. बोलण्याच्या नादात पाय बरोबर तिथेच आले होते. मला कुठे तरी पळून जावंसं वाटलं.

मावशी खाली बसल्या. दगडावर हात ठेवून, घरात बोलावं तशा म्हणाल्या, ‘ऐकलंत का? हिला वाट सापडली. ही येत जाईल. मी जाते.’

आपल्यात निघताना असं कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, ‘मावशी, जाते काय? येते म्हणा.’

त्या माझा हात धरून उठल्या. म्हणाल्या, ‘ते आता तू म्हण.’