वेल्डरची वळणदार सही

आठवीनंतर शिक्षणाला माझा सहवास लाभला नाही. तरीही गेली वीस वर्षे या आखाती देशातील मराठी मंडळींचे अर्ज माझ्याच लेखणीतून उतरत आले आहेत. पुढे अर्ज टाइप करून मागण्याची रानटी चाल सुरू झाली. त्याच सुमारास एका जुन्या मासिकात मी वाचले की, अमेरिकेच्या बाल्यावस्थेत एक गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना वळणदार अक्षर शिकवीत आणि अखेर त्यांनी स्वतःची शाळा काढली. आम्हा दोघांत अंतर एवढेच होते की माझी शाळा अद्याप निघायची होती. ती मी झिंज वस्तीतील माझ्या खोलीत, शुक्रवारी दुपारी भरविली.

विद्यार्थी तीन. त्यांतला एक शेजारच्या तुबली भागातील गॅरेजमधला वेल्डर, रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. त्याची इंग्रजी सही पाहून मला रीतसर वेदना होत. चार महिने हात धरून मी त्याच्याकडून एक शेपटीदार, राजेशाही सही घोटवून घेतली.

मग त्याच्या मुलीचा निकाह ठरला आणि पासपोर्टची मुदत संपत आल्याचे ध्यानात आले. नूतनीकरणाचा अर्ज मी भरला, सही त्याने केली, आणि आपल्या वकिलातीच्या कार्यालयाने तो परत केला. सही जुन्या पासपोर्टातील सहीशी जुळत नव्हती. निकाहाला पाच आठवडे उरले होते.

"मास्तर, क्लार्क इचारतो, ही सही कोनाची?"

"प्रगती झाली म्हणावे."

"सांगितलं. बोलला, प्रगती नको, जुनी आना."

"मग करा जुनी."

"ती आता येत नाय. तुमीच मोडलीत."

जुनी सही समोर ठेवून आम्ही दोन दिवस झटलो. माझ्या हातून तर कुरूप रेघ उमटेचना. अखेर मी विचारले, पूर्वी ती केली कशी होती?

"कामावर. उभ्यानं, मांडीवर कागद. फोरमन डोक्यावर."

तेव्हा मी त्याला उभे केले, मांडीवर कागद दिला आणि माझ्या प्रतिष्ठेस न शोभणाऱ्या आवाजात, फोरमनच्या थाटात "यल्ला, यल्ला", म्हणजे आटपा आटपा, असे ओरडत राहिलो. अकराव्या खेपेस ती भिकार सही जशीच्या तशी उतरली. कार्यालयाने ती निमूट स्वीकारली. निकाहाच्या दोन दिवस आधी तो घरी पोहोचला.

निकाहनाम्यावर कोणती सही केलीत, असे मी फोनवर मुद्दाम विचारले.

"अंगठा दिला असता तरी चाललं असतं, मास्तर. पोरीच्या बापाला हितं सगळे वळखतात."