रोलरवरची फाइल

त्याला सगळे ‘जपून’ म्हणत. खरं नाव होतं, पण ते वीजबिलापुरतं उरलं होतं. गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना तो दर वेळी ‘जपून’ एवढंच म्हणायचा आणि तोच शब्द त्याला चिकटला. गंमत म्हणजे या माणसाचं पोट चालायचं लोकांच्या गाड्या जोरात पळवून.

टायरच्या दुकानामागे त्याचं वर्कशॉप होतं. गाडीच्या बॉनेटखाली एक छोटा संगणक असतो. इंजिनाला हवा किती, इंधन किती आणि कधी द्यायचं, हे तो ठरवतो. कंपनी त्यात आपले आकडे भरून पाठवते. जपून लॅपटॉप जोडून ते आकडे बाहेर काढायचा, बदलायचा आणि परत लिहायचा. याला रिमॅप म्हणतात. नवे आकडे तेच इंजिन वेगळ्या रीतीने चालवतात, आणि गाडी हातात घेतल्याबरोबर मालकाचा चेहरा उजळतो.

गिऱ्हाइकांना दोन्ही हवं असायचं, जोरही आणि मायलेजही. जपून समजावून सांगायचा, “कमी वेगात गाडीला ओढ येते, गिअर कमी बदलावे लागतात. पाय हलका ठेवलात तर लिटरमागे थोडं जास्त जाईल. पण ओढ आली की पाय हलका राहत नाही, तेव्हा माझ्याकडे भांडायला येऊ नका.” तरी लोक यायचे आणि भांडायचे. मायलेज गाडीत नसून उजव्या बुटात असतं, हे पटवण्यात त्याची अर्धी हयात गेली.

हा माणूस जन्माचा घाबरट. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत किती माणसं आहेत ते बघणार, गॅसचं बटण बंद केल्यावर परत जाऊन बघणार, उभ्या गाडीत बसला तरी पट्टा लावणार. कामातही तेच. गिऱ्हाइकाने भरभरून जोर मागितला तरी हा काठोकाठ कधी भरायचा नाही, काही जोर हातचा राखायचाच, आणि ते मालकाला सांगायचाही नाही. शिवाय लांब चढावर इंजिन तापायला लागलं की त्याच्या हातची गाडी कंपनीच्या गाडीपेक्षाही लवकर आपला जोर आवरायची. “घाटात गाडी हात आखडता घेते हो,” अशी तक्रार यायची. जपून मान डोलवायचा आणि काही करायचा नाही. पण त्याच्या हातची एकही गाडी वाटेत जळली नव्हती, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो फुटून कुणी घाटातल्या कठड्यापाशी अडकलं नव्हतं. हे त्याच्या पाठीमागे लोक मान्य करायचे आणि तोंडावर चिडवायचे.

सगळ्यात जास्त चिडवायचा जावई. माणूस लाखात एक, पण जिभेला लगाम नाही. त्याने नवी डिझेल गाडी घेतली आणि थेट सासऱ्याकडे आणली. “बाबा, तुमच्या रिमॅपला बाजारात पथ्याचं जेवण म्हणतात,” तो हसत म्हणाला. “घरच्या माणसाला तरी एकदा पोटभर वाढा.”

जपून हसला, पण ते त्याला लागलं. लेक जवळच पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिच्यासमोर लागलं म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिघं डोंगरापलीकडे जावयाच्या बहिणीकडे निघणार होती.

त्याने गाडी रोलरवर चढवली. रोलरवर गाडी जागच्या जागी पळते आणि जोर किती ते समोरच्या पडद्यावर दिसतं. पुढे मोठा पंखा लावलेला असतो, पण रस्त्यावरच्या वाऱ्याची सर त्याला नाही. इंजिन पटकन तापतं, तापलं की गाडी आपणहून जोर कमी करते आणि मोजमाप फसतं. म्हणून जपून रोलरपुरती वेगळी फाइल लिहायचा. तिच्यात तापण्याची मर्यादा उचलून इतकी वर ठेवलेली असायची की गाडी काही केल्या आवरायची नाही. दोन मिनिटं मोजायचं, मग ती फाइल पुसून रस्त्याची लिहायची. मधल्या वेळात विसरू नये म्हणून किल्ली त्याच्या खिशात असायची. रस्त्याची फाइल गेल्याशिवाय किल्ली मालकाच्या हातात द्यायची नाही, हा त्याचा कायदा.

त्या दिवशी त्याने खरंच काठोकाठ भरलं. पडद्यावरची रेघ चढत गेली आणि टायरच्या दुकानातली माणसं कामं टाकून बघायला आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जावयाने सासऱ्याला मिठीच मारली. “बाबा, मानलं तुम्हाला. इतके दिवस कुठे लपवून ठेवला होता हा हात?” लेकही हसत होती. जपूनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाडी खाली उतरली, चहा झाला, पोराने हॉर्न वाजवला, आणि जावयाने हात पुढे केला तशी सासऱ्याने खिशातली किल्ली काढून दिली. संध्याकाळभर तो गुणगुणत होता. बायकोने दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून.

सकाळी त्याच मॉडेलची आणखी एक गाडी दारात आली. मालकाला कालची बातमी लागली होती. “जावयाला दिलंत तेच मला द्या.” जपूनने लॅपटॉप उघडला आणि जावयाच्या गाडीत शेवटी लिहिलेली फाइल काढली. तापण्याच्या मर्यादेवर त्याची नजर गेली. ती रोलरची होती. त्याने फाइल बंद करून पुन्हा उघडली. तरी ती रोलरचीच होती.

रस्त्याची फाइल तयार होती, शेजारी पडून होती, पण गाडीत गेलीच नव्हती. किल्ली देताना आपण ‘जपून’सुद्धा म्हटलं नाही, हे त्याला त्याच क्षणी आठवलं.

गाडी आत्ता कुठे असेल, हे बघायला त्याला घड्याळ लागलं नाही. घाट. तीन माणसं, मागे सामान, वर ऊन, आणि जावयाच्या पायाखाली कधी न मिळालेला जोर. इंजिन तापत जाणार आणि आवरणार नाही. काट्यावर पाणी तापलेलं दिसेलही, पण टर्बो किती तापलाय ते कुठल्याच काट्यावर दिसत नाही. तो फुटला तर तेल लालबुंद नळीवर उडेल. आग नाही लागली तरी इंजिन वळणावरच बंद पडेल, मग ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग वळता वळत नाही. हे सगळं त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांत पाहिलेलं होतं. आता त्यात आपलीच माणसं बसलेली त्याला दिसत होती, आणि नातू मागच्या सीटवर पाय हलवत होता.

त्याने लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. जावयाचा लावला, तोही वाजला. मग पुन्हा लेकीचा. त्याला कळत होतं काय झालंय ते. कुठल्याही प्रवासात हा इतके फोन करायचा की जावयाने निघतानाच दोन्ही फोन गप्प केले असणार. थोड्या वेळाने रेंजच गेली.

बायकोला फोन केला तर ती म्हणाली, “अहो, पोचतील ती. तुमचं नेहमीचंच.”

“या वेळचं नेहमीचं नाही गं.”

“ते पण तुम्ही नेहमीच म्हणता.”

आयुष्यभर काही नसताना घाबरल्यामुळे आता त्याच्या भीतीला घरातसुद्धा किंमत उरली नव्हती. त्याने गिऱ्हाइकाला “उद्या या” म्हटलं, लॅपटॉप आणि बॅटरीच्या जाड वायरी उचलल्या, आणि आपली जुनी गाडी बाहेर काढली. तिला त्याने कधी हात लावला नव्हता. ती कंपनीने दिली तशीच होती.

तो घाट चढू लागला. कधी नव्हे ते त्याने दोन ट्रक ओलांडले. प्रत्येक वळणाआधी त्याला पुढे धूर दिसायचा, आणि वळल्यावर ती कुणाच्या तरी लॉरीची धूळ निघायची. एका ठिकाणी रस्त्यावर काळं तेल सांडलेलं होतं. तो थांबला, उतरला, बोट लावून पाहिलं. जुनं, वाळलेलं होतं. देवाला काय कबूल करावं, तेही त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या लांब वळणावर, कठड्याला लागून ती गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं.

त्याने गाडी कशीबशी बाजूला घेतली. पलीकडे झाडाखाली लेक पोराला पाणी पाजत बसली होती आणि जावई तोंड पाडून दगडावर उभा होता. तिघंही होती. जपून दाराला धरून तसाच उभा राहिला. रडू येत होतं, ते त्याने येऊ दिलं.

“बाबा?” लेक धावत आली. “आईला काही झालं?”

“नाही. गाडी का थांबवलीत?”

जावयाने हात उडवले. “हिलाच विचारा. मस्त चालली होती, वर चढतोय की उतरतोय कळत नव्हतं. ही म्हणाली पोराला उलटी येतेय. थांबलो तर पोरगं ठणठणीत. मग म्हणते बॉनेट उघडा, निवू दे.”

“उलटीचं खोटं बोलले,” लेक म्हणाली. ती वडिलांकडे बघत होती. “लहानपणापासून तुमच्या हातच्या गाड्यांत बसतेय मी. या चढावर प्रत्येक गाडी जरा आवरते. ही आवरेचना. मला आतून धस्स झालं. यांना सांगून पटलं नसतं, म्हणून पोराला पुढे केलं.”

बॉनेटखालून करपल्यासारखा वास येत होता. जपूनने वाकून पाहिलं. टर्बोच्या कडेला तेल घामासारखं पाझरलं होतं, अजून थोडंसंच. आणखी दोन वळणं, फार तर तीन, की तो फुटलाच असता. त्याने ते बोलून दाखवलं नाही, पण जावयाने त्याचा चेहरा वाचला.

“माझी चूक झाली,” जपून म्हणाला. “रोलरवरची फाइल तशीच राहिली. रस्त्याची लिहायची विसरलो.” मग मर्यादा म्हणजे काय, ती नसली की काय होतं, हे त्याने दोघांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर जावयाने पोराला उचलून छातीशी धरलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर जपूनला बरं वाटलं असतं.

गाडी निवल्यावर त्याने आपल्या बॅटरीच्या वायरी तिला जोडल्या आणि लॅपटॉप लावला. लिहिताना मध्येच वीज कमी पडली की गाडीचा मेंदू कोरा होतो आणि गाडी जागची हलत नाही. वर्कशॉपमध्ये त्यासाठी चार्जर असतो. इथे त्याची जुनी गाडी घुरघुरत वीज पुरवत होती. त्याने कंपनीची मूळ फाइल घातली, आपली कुठलीच नाही. पडद्यावरची पट्टी भरल्यावर त्याने ती फाइल परत वाचून काढली, मर्यादेचा आकडा बोट ठेवून बघितला, आणि लेकीला बोलावून तिलाही दाखवला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने बघितलं.

“आता पुढे नको,” तो म्हणाला. “टर्बो बघावा लागेल. हळूहळू खालीच चला, मी मागे राहतो.”

“यांना एकट्यांना ही गाडी उतरवू दे. आम्ही दोघं तुमच्या गाडीत बसतो,” लेक म्हणाली आणि पोराची सीट काढायला लागली. तिला राग आला होता, हे सीट ज्या जोरात ओढली त्यावरून कळत होतं.

तिने पोराला बांधलं, पुढे येऊन बसली, आपला पट्टा लावला. जावयाची गाडी पुढे निघून वळणाआड गेली तरी जपूनने गिअर टाकला नव्हता.

“बाबा, काल किल्ली देताना तुम्हाला भीती नाही वाटली?”

“नाही,” तो म्हणाला. “काल मला फार छान वाटत होतं.”

ती म्हणाली, “परत कधी तुम्हाला असं भीती न वाटता छान वाटलं, तर मला आधी सांगा. मी त्या गाडीत बसणार नाही.”

“सांगेन,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागला.