पाठमोरी नलिनी

नलिनी कुणालाही प्रश्न विचारायची तो पाठ फिरवून. समोर बाई बसलेली असायची आणि ही खुर्ची वळवून, खिडकीबाहेरचे बांधकाम बघत विचारायची, "अनोळखी माणसाशी बोलताना हातपाय गार पडतात का हो?" मी म्हणायचे, "अगं, ही मुलाखत आहे की रुसवा?" ती खिडकीलाच उत्तर द्यायची, "बघितलं की माणूस मिटतं, शुभे."

नव्वदच्या दशकात बेलापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी मानसशास्त्र शिकवत होतो. चारचौघांत वावरायची भीती किती, हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचे काम आमच्या विभागप्रमुख सरांनी आम्हाला दिले. जितके गुण जास्त, तितकी भीती जास्त. शेवटी मुंबईच्या प्राध्यापकांसमोर एकीने निबंध वाचायचा होता. ती एक म्हणजे मीच, हे मी परस्पर ठरवून टाकले होते. बॉबकट, खणखणीत आवाज. लग्नाच्या हॉलमध्ये माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे! नलिनी तर मस्टरवर सही करतानाही लाल व्हायची. आणि मेली लाल झाली की दिसायचीही छान. मी लाल झाले की लोक पंखा वाढवायचे.

नेरूळला राहायला आलेल्या साताऱ्याकडच्या बायकांकडून आम्ही उत्तरे घेत होतो. मी डोळ्यांत डोळे घालून विचारायचे, त्या ताठ मानेने सांगायच्या, "आमास्नी कसलं भ्या?" फक्त एका प्रश्नाला सगळ्या सापडायच्या: लोकांसमोर जेवताना अवघडता का? संगीता नावाची नवी सून म्हणाली, "लई. घास उतरत न्हाई." मी खुशीत पैकीच्या पैकी गुण दिले.

खिडकीकडून आवाज आला, "आणि माहेरी गं?"

"माहेरी?" संगीता फिसकन हसली. "तितं चुलत्यांच्या पंगतीत बसून भाकरी मागून खाते की! हितं सासऱ्यांम्होरं जेवायला बसले तर बरं दिसंल व्हय?"

"ही भीती नाही, शुभे. रीत आहे," नलिनी म्हणाली.

म्हणजे इतके दिवस मी सुनांनी सासऱ्यांचा मान राखणे भीती म्हणून मोजत बसले होते! तो प्रश्न नलिनीने पुन्हा लिहिला, सगळ्या बायकांना पुन्हा विचारला. सरांनी ते वाचले आणि म्हणाले, "निबंध नलिनीताई वाचतील." त्या संध्याकाळी मी कणकेला असे बुक्के मारले, की आमचे हे म्हणाले, "कुणाचं तोंड आहे ते?"

तरी माझी आशा सुटली नव्हती. ती ऐनवेळी पळणार, याची मला खात्री होती. निबंध तोंडपाठ करून, नवी साडी नेसून मी पहिल्या रांगेत तयारच बसले. नलिनी व्यासपीठावर गेली. एकदा तिने सगळ्यांकडे बघितले. मी पदर सावरून उठणार, तोच तिने सरळ पाठ फिरवली आणि फळ्याकडे तोंड करून वाचायला लागली. मागे कुणीतरी खुसखुसले. पण संगीताचे माहेर आले आणि सभागृह असे गप्प झाले, की शेवटपर्यंत कुणी खोकलेसुद्धा नाही. मग टाळ्या. मीही वाजवल्या, पण साडीची घडी फुकट मोडली म्हणून हळहळत. पुढे कित्येक वर्षे कुणी भेटले की विचारायचे, "त्या पाठमोऱ्या बाई कशा आहेत?" समोरून बोलणारी मी कुणाच्या लक्षात नाही!

गेल्या वर्षी नलिनी गेली. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. "शुभाताई, तुम्हीच बोला, तुम्हाला काय सवयच आहे," म्हणून माझ्या हातात माइक दिला. समोर सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझा, लग्नाचे हॉल गाजवलेल्या बाईचा, आवाज फुटेना. तळवे गार पडले.

मग मी लोकांकडे पाठ केली. समोर तिचा हार घातलेला फोटो होता. तिथे जमले बाई बोलायला. चांगली पंधरा मिनिटे बोलले. खाली उतरले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत शेजारणीला म्हणाले, "अगदी नलिनीताईंसारखं बोलल्या हो!"

मेली इथेही माझी टाळी घेऊन गेली.