अनसाबाईच्या मांजरीला सांगितलेलं अंडं

"मांजराला अंडं घालायला मी सांगितलेलं नाही." हे वाक्य मी हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीत, वीस-पंचवीस माणसांसमोर बोललो. ते खोटं होतं. गेली सतरा वर्षं मी ही गोष्ट टाळत आलो. घरी सांगितली नाही, खात्यातल्या मित्रांना तर नाहीच. आता सत्तरी ओलांडली. भोरमध्ये घरीच असतो आणि धरणाकाठच्या बंगल्यांतून मला फोन येतात, "डॉक्टर, आमच्या कॅटला एग दिलं तर चालेल ना?" मी गोड आवाजात उत्तर देतो. फोन ठेवला की स्वतःचीच किळस येते.

मी सरकारी पशुवैद्य होतो. आमच्या दवाखान्यात म्हैस आली की धावपळ व्हायची, शेळी आली की चौकशी व्हायची आणि मांजर आलं की हसू व्हायचं. रजिस्टरमध्ये मांजराला रकानाच नव्हता. 'इतर' म्हणून लिहायचं. अनसाबाई आपली मांजरी बाजाराच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड सुतळीनं आवळून एसटीनं भोरला आली, तेव्हा कंपाउंडरसकट सगळे हसले. मीही.

"बाई, मांजरासाठी एवढ्या लांब?" मी विचारलं.

"घरात भात हाय, नाचणी हाय. उंदरं कणगी पोखरत्यात. ही मेली तर राखण कोन करील? तुमी येताय व्हय?"

मग मी हसणं थांबवून मांजरी तपासली. नुकतीच व्यालेली, चार पिल्लं अंगावर पीत होती. बरगड्या बोटांना लागत होत्या. बाई तिला खायला घालत होती भाकरी आणि ताक. मांजर मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या भाकरीवर ते तग धरतं, पण झिजत जातं. औषधाची गरज नव्हती. आमच्याच खात्यानं योजनेत वाटलेल्या कोंबड्या बाईच्या दारात होत्या. म्हणून मी सांगितलं, एक दिवसाआड अर्धं अंडं उकडून, कुस्करून, बिनमिठाचं घाला. कच्चं नको. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो. तो अंगातलं एक जीवनसत्त्व अडवून धरतो आणि रोज खाल्लं तर केस गळायला लागतात. उकडलं की तो निकामी होतो. आणि अंडं जोडीला द्यायचं, त्यावरच पोट भरायचं नाही. उंदीर तिचे ती धरेल.

अनसाबाईनं सगळं मला परत म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द बरोबर. चिठ्ठी तिनं मागितली नाही, मी दिली नाही. मांजरासाठी सरकारी कागद कोण खर्च करणार?

मांजरी सुधारली. दोन महिन्यांनी वाडीतून तक्रार आली. पाच घरांना योजनेच्या कोंबड्या दिल्या होत्या. त्यातल्या चार घरांची अंडी गायब होत होती. अनसाबाईची तेवढी शाबूत होती, कारण कोंबडी ओरडली की ती हातातलं काम टाकून आधी अंडं उचलायची. बाकीच्यांची पेंढ्यात पडून राहायची. पण अनसाबाई मांजरीला अंडं घालते, हे शेजारणींनी पाहिलं होतं. मांजरीला चटक लागली, ती घरचं सोडून दारोदार खाते, असं वाडीनं ठरवून टाकलं.

चौकशीला वरचे साहेब आले. त्यांचं कोंबडीविषयीचं ज्ञान ताटातल्या कोंबडीपुरतं होतं. जीपचा रस्ता संपल्यावर अर्धा तास चढावं लागलं, त्यामुळे ते आधीच तापलेले होते. ते ओट्यावर बसून पाणी पीत होते तेव्हा मी घरांच्या मागे जाऊन आलो. बांधातल्या एका दगडापाशी टरफलांचा खच पडला होता. दगडावर पिवळं ओघळून वाळलं होतं.

हे मुंगसाचं काम. मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरतं आणि मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडतं. मांजराला हे जमत नाही. अख्ख्या, गुळगुळीत अंड्यावर त्याचा दात धड बसत नाही. बहुतेक मांजरं वास घेऊन निघून जातात.

दगड पाहताच मला हे कळलं. पुढचंही कळलं. मुंगूस म्हटलं की वाडीतून पहिला प्रश्न आला असता, खुराडी कुठं आहेत? योजनेत प्रत्येक घराला जाळीचं खुराडं होतं. एकही आलं नव्हतं. 'मिळाली' असं लिहिलेल्या कागदावर माझी सही होती. ह्याच साहेबांनी करा म्हटलं, मी केली.

मी टरफलं बुटानं गवतात लोटली आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

साहेबांनी अनसाबाईला विचारलं, सरकारनं कोंबड्या मांजरासाठी दिल्या का? ती म्हणाली, "ह्या डाक्टरांनीच सांगितलंय. अर्दं, उकडून."

साहेब माझ्याकडे वळले. "काय डॉक्टर, मांजरांचा खुराक सुरू केलाय का आपण?"

वाडी हसली. आणि मी ते वाक्य बोललो. वर भरही घातली, "मांजराला कुणी अंडं सांगतं का?"

अनसाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती साहेबांना म्हणाली, "आसंल सायेब. माज्याच ऐकन्यात कायतरी चुकलं आसंल."

शब्द न् शब्द म्हणून दाखवणारी बाई. माझ्या साहेबांपुढे मला झाकत होती आणि मी झाकून घेतलं.

तिचं नाव योजनेतून कापलं. कोंबड्या दुसऱ्या घरी गेल्या. वाडीतल्या लोकांनी मांजरी पिल्लांसकट पोत्यात घालून वरंध्याच्या घाटात सोडली. माळ्यावर लपलेलं एक पिल्लू तेवढं हाती लागलं नाही. 'मांजराचा बंदोबस्त केल्याने योजना सुरळीत', असा अहवाल गेला. तोही मीच लिहिला. मुंगसानं अहवाल वाचला नसावा, अंडी जातच राहिली. त्या पावसाळ्याच्या तोंडावर उंदरांनी अनसाबाईचं बियाण्याचं भात कणगीतच संपवलं. जी दारं तिला हसली होती, त्याच दारांत तिला पेरणीसाठी भात मागत फिरावं लागलं. हे मला कंपाउंडरनं सांगितलं. मी ऐकलं आणि दुसरा विषय काढला.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो. बोलायचं वाक्य एसटीत घोकून ठेवलं होतं, 'अनसाबाई, त्या दिवशी मी खोटं बोललो.' ती थकली आहे, पण तिनं मला लगेच ओळखलं. कोरा चहा दिला. मग आतून एक मांजरी उचलून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"त्या मांजरीच्याच वंशाची हाय. पोटुशी हाय. हिला आंडं चालंल का, डाक्टर?"

मला केवढं हायसं वाटलं. मी बोलत सुटलो. उकडून, अर्धं, एक दिवसाआड, कच्चं का नको, मीठ का नको. ज्या माणसानं हेच सगळं नाकारलं होतं, तो तिला पुन्हा शिकवत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून उलटं केलं आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवलं.

"लिवून द्या," ती म्हणाली. "अन् खाली सही करा."

रागानं नाही. एसटीची वेळ विचारावी तसं. सरकारी डॉक्टरचं तोंडी काही धरून चालायचं नाही, एवढं मी तिला शिकवलं होतं. नोकरीभर मी दिलेला हा एकच धडा कुणाच्या पक्का लक्षात राहिला.

मी लिहिलं. नाव घातलं, सही केली, तारीख टाकली. सहीखाली अर्धं पान कोरं होतं, एसटीत घोकलेलं वाक्य मावेल एवढं. पेन तिथं टेकवून मी बसून राहिलो.

"यष्टी चुकंल तुमची," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं आणि तिला परत दिलं.